सोनेरी कडेच्या ताटल्या

आयर्लंडमधल्या डंडॉकच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत अलकाच्या लेकीचा, मिहिकाचा फोन आला. "मावशी, मॅम इज गॉन." मॅम म्हणजे आई, इथली पोरं असंच म्हणतात. हार्ट अटॅक. मी उघडलेला डबा तसाच झाकला... गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. अलकाबद्दल ते सोपं आहे. मागे राहिलेल्यांबद्दल तसा नियम नाही, आणि मला माझा राग आवरायचाही नाही.

आम्ही दोघी नागपूरच्या, एकाच कॉलेजातल्या. डब्लिनच्या ओंगार भागात घर घेतल्यावर अलकाला जुन्या अमेरिकन चिनी मातीच्या भांड्यांचं वेड लागलं. इथल्या घरांतून पूर्वी कुणी ना कुणी बॉस्टनला गेलेलं असायचं. ती मंडळी असे डिनर सेट माघारी पाठवायची. ते जन्मभर कपाटात, म्हणजे इथल्या बोलीत प्रेसमध्ये, जपले जायचे आणि घरातली म्हातारी गेली की दानात आलेल्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये यायचे. अलका तिथे रमायची. ताटली उलटी करून कारखान्याचा शिक्का बघायची, मग उजेडात धरायची. आरपार बोटांची सावली दिसली की, "बघ, दिसली! एकदम ग्रँड!" सोनेरी कड जाऊ नये म्हणून हातानेच घासायची. एकाच नक्षीचा पूर्ण सेट जमायला तिला कित्येक वर्षं लागली.

तो जमला तेव्हा गौरीच्या जेवणाला तिने सगळ्यांना त्यातच वाढलं. तिची मोठी जाऊ वैजयंतीताई जवळच्याच ब्लँचर्डस्टाउनहून आल्या होत्या. ताटलीकडे बघून भरल्या पंगतीत म्हणाल्या, "ई! मेलेल्या गोऱ्यांची उष्टी भांडी! त्यात काय काय खाल्लं असेल कोण जाणे. मला आपली कागदी ताटली दे गं." अलकाचा चेहरा खर्रकन उतरला... मी खवळले होते. स्वयंपाकघरात ती मात्र शांतपणे म्हणाली, "राहू दे. त्यांना पाहिजे तेच देऊ ना बाप्पा."

आणि दिलं. त्यानंतर प्रत्येक सणाला सगळ्यांना सोनेरी कडेची ताटली, वैजयंतीताईंना कागदी. "ताई, तुमची वेगळी ठेवलीय हं," हे ती इतकं गोड म्हणायची की तक्रारीला जागाच नाही. रश्शाने ती ताटली मऊ पडायची आणि पैठणीवर गळायची. पुढेपुढे ताई सुचवून बघायच्या, "मला चालेल गं आता." "छे छे, ताई, तुमच्या मनाविरुद्ध नको." अशा दिवशी मी दोन घास जास्तच जेवायचे.

तेराव्याला जेवणं आटोपली तशा ताई प्रेस उघडून उभ्या राहिल्या. "हा सेट मी नेते. अलकाची आठवण. मिहिकाला काय कळतंय त्यातलं?" उत्तर माझ्या जिभेवर आलंच होतं, पण मिहिका आधी उठली. मराठी बोलत नसली तरी पोरीला सगळं कळतं. तिने खालच्या खणातून कागदी ताटल्यांचं पाकीट काढलं आणि ताईंच्या हातात ठेवलं.

"नो, काकू. दीज आर युवर्स. मॅम ऑल्वेज केप्ट देम फॉर यू."

मला आनंद झाला. तेराव्याला होऊ नये इतका झाला, आणि तो अजून ओसरलेला नाही. ताई पाकीट टेबलावर टाकून निघून गेल्या.

परवा ओंगारला गेले तर मिहिका ताटल्या घासत होती, हाताने. मी एकेक पुसून खिडकीशी धरली. बोटं दिसत होती... प्रेसमध्ये ठेवताना खालच्या खणात ते पाकीट दिसलं.

"हे टाकायचं का गं?"

"नो वे, मावशी. काकूज कमिंग फॉर दिवाळी."

मी ते पुढे ओढून ठेवलं, पटकन हाताशी येईल असं.