चारात एक

गणितात पीएचडी करून मी रक्ताच्या आजारावर काम करते, हे नाशिकच्या आमच्या शेजारणींना अजून पटत नाही. डॉक्टर झालीस ना, मग बीपी बघ, म्हणतात. अहो, मी सुई टोचणारी डॉक्टर नाही! सिकलसेल आईबापांकडून पोरांत कसा उतरतो, गावात पिढ्यान्‌पिढ्या कसा टिकतो, त्याची समीकरणं मांडते. नोकरी कच्ची, करार दरवर्षी नवा. तोरा मात्र तेव्हा पक्का होता.

माहिती गोळा करायला पेठकडच्या एका पाड्यावर जायचे. गावची आशाताई सोबत असायची. तिथं एक जोडपं होतं. दोघंही वाहक, म्हणजे स्वतःला त्रास नाही, पण थोरल्या मुलीला आजार. पुढच्या पोराचं काय, असं त्या बाईनं मला विचारलं. मला शेवटची एसटी गाठायची होती. चारात एक, असं सांगून मी चार बोटं दाखवली आणि त्यातलं एक मिटलं. किती सोपं करून सांगितलं म्हणून वर स्वतःवरच खूश! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

दोन वर्षांनी पुन्हा गेले, तर बाई ओट्यावर बसलेली. मांडीवर आठ-नऊ महिन्यांचा मुलगा, हातापायांवर सूज. यालाही तेच निघालं, आशाताईनं हळूच सांगितलं. पोटात असतानाच नाशिकला तपासून घ्या म्हणून ती मागे लागली होती, पण दोघं गेलीच नाहीत.

"कशाला जायचं?" बाई म्हणाली. "तुम्हीच सांगितलं व्हतं ना ताई, चारात एक. ते एक आमचं झालं व्हतं."

मी तिथंच बसकण मारली आणि समजावू लागले. आधीच्या पोराला आजार झाला म्हणून पुढचं सुटत नाही, दर खेपेला हिशेब पहिल्यापासून, दर खेपेला चारात एक. आम्ही लोक हे इतकं गृहीत धरतो की लिहीतसुद्धा नाही. तिला पाच मिनिटांत कळलं. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. ती रागावली असती तरी चाललं असतं.

ती पोराची सुजलेली बोटं चोळत राहिली. मग म्हणाली, "एवढंच व्हतं, तर तवाच का नाय सांगितलं?"

मला वाटलं होतं, एवढं तर कुणालाही कळतं. पण हे तिच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही.