राऊटरच्या छिद्रातली हळद

यंदा खंडेनवमीला आमच्या घरी राऊटरची पूजा झाली. हसू नका... आलापल्लीच्या पुढे जंगलात आमचं गाव. ज्या वस्तूच्या जिवावर घर चालतं, ती त्या दिवशी स्वच्छ पुसून पाटावर मांडायची, अशी इथली रीत. विळा, कुऱ्हाड, फवारणीचा पंप आणि गेली चार वर्षं त्यांच्या शेजारी राऊटर.

मी इथल्या शाळेत मास्तर आहे. गावात मोबाइलला नेटवर्क नाही. ग्रामपंचायतीपर्यंत केबल आली, तिथून मी घरी कनेक्शन घेतलं आणि हा राऊटर बसवला. तेव्हापासून आमची पडवी म्हणजे गावाचा टेलिफोन झाली.

सगळ्यात आधी यायच्या शेजारच्या तुळसाबाई. त्यांची मोठी बहीण महिनाभरापासून नागपूरला दवाखान्यात होती. आईबाप केव्हाच गेलेले, दोघींना एकमेकींशिवाय माहेर नव्हतं. रोज संध्याकाळी सातला भाच्याचा फोन यायचा आणि मग तासभर बोलणं. आज काय रांधलं, धान निसवला का, कोणाची म्हैस व्याली... आजाराबद्दल दोघी चकार शब्द काढत नसत.

तर पूजा झाली. संध्याकाळी आईने राऊटर परत जागेवर ठेवला, प्लग लावला आणि तिला दिसलं की मागच्या बारीक छिद्रात हळद गेली आहे. मशीनमध्ये कचरा नको म्हणून तिने टाचणी घेतली आणि चांगली दाबून, फिरवून हळद काढली.

ते छिद्र रीसेटचं. आतली सगळी सेटिंग पुसली गेली, राऊटर कोरा झाला.

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम आहे. पण हा राऊटर सुरू करायचा तर कंपनीच्याच ॲपवरून, दुसरा रस्ताच नाही. आणि ॲपला आधी इंटरनेट पाहिजे. म्हणून गाडी काढली आणि तीन किलोमीटरवरच्या पुलावर गेलो, तिथे नेटवर्क सापडतं. ॲप उघडलं... 'हे मॉडेल आता सपोर्टेड नाही.' बस्स, एवढंच.

राऊटर धडधाकट होता. दिवा लागत होता, केबलमधून इंटरनेट दारापर्यंत येत होतं. फक्त कंपनीने कुठेतरी लांबचं एक बटण बंद केलं होतं. घरच्या पाट्यावर चटणी वाटायला पाटा विकणाऱ्याची परवानगी लागावी, असला हा प्रकार. कस्टमर केअरच्या चॅटवर विचारलं, तर मशीनने उत्तर दिलं की आमचं नवीन मॉडेल बघा.

मी आहे हट्टी. म्हटलं, चांगली वस्तू मी फेकणार नाही. तीन दिवस रोज त्या पुलावर जात होतो. ॲपचं जुनं व्हर्जन शोध, कुणाचा व्हिडिओ बघ, घरी येऊन करून बघ... परत तेच.

आणि रोज सातला तुळसाबाई पडवीत यायच्या.

"गुरुजी, आज लागते का हो फोन?"

"उद्या नक्की, बाई."

चौथ्या दिवशी मी हात टेकले आणि आलापल्लीच्या दुकानात नवीन राऊटर सांगून आलो. संध्याकाळी तुळसाबाईंनी जरा भीतभीतच विचारलं, "तुमी जाता त्या पुलावर मले बी घेऊन चालान का? माह्या बी फोनले तिथी नेटवर्क भेटन ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन दिवस मी त्याच पुलावर त्या डब्यासाठी जात होतो. ही बाई रोज समोर बसायची आणि हिला गाडीवर मागे बसवावं, हे मला एकदाही सुचलं नाही.

लगेच निघालो. पुलावर पोचताच त्यांच्या फोनवर टिंगटिंग सुरू झालं. मिस्ड कॉल, मिस्ड कॉल, एक व्हॉइस मेसेज... आणि खाली भाच्याचे लिहिलेले मेसेज. तुळसाबाईंना वाचता येत नाही. फोन माझ्या हातात होता, मी वाचलं. बहीण परवाच गेली होती. कालच सगळं उरकलं होतं.

"काय म्हणते?" त्या म्हणाल्या.

मला आधी ते सांगवलं नाही. मी व्हॉइस मेसेज लावला.

"तुळसे, फोन काऊन नाई उचलून राह्यली? रागावली का माह्यावर? मी बरी आहो. उद्या लावजो... वाट पाहून राह्यली मी."

तुळसाबाई हसल्या. "पाहा, बरी हाय म्हंते." मग मी सांगितलं. त्यानंतरचं इथे लिहिणार नाही.

आईने दोन दिवस जेवण सोडलं. "माह्याच हातानं झालं गा," एवढंच म्हणत होती. तिला किती समजावलं, की टाचणी घातली म्हणजे वस्तू नव्याने सुरू व्हावी, म्हणूनच ते छिद्र ठेवलेलं असतं. तुझं काही चुकलं नाही. चुकलं त्या कंपनीचं... आणि माझं.

नवीन राऊटर लागला आहे. यालाही ॲप लागतं. दुकानदार म्हणाला, आता सगळे असेच येतात.

काल सातला तुळसाबाई आल्या. फोन करायचा नव्हता. त्यांनी तो मेसेज लावायला सांगितला, ऐकला, परत ऐकला. मग फोन पदरात गुंडाळत मला विचारलं, "गुरुजी, हा आवाज तं राहीन ना? का थे लोकं हे बी एक दिवस बंद करतीन?"

मी म्हणालो, "राहील, बाई."

खरं काय ते मलाही माहीत नाही.