चुन्याचे ठिपके

भागीरथीबाईंचा विश्वास दोनच गोष्टींवर होता, मिठावर आणि स्वतःच्या डोळ्यांवर. नवरा गेल्यावर तंजावरच्या या बाईंनी लग्नमंडपांना विड्याची पाने पुरवून घर चालवले. पाने कशी, तर हिरवीगार, ताठ, दुमडली तर कट् आवाज करणारी. तीस वर्षांत त्यांच्या पानाने कुणाच्या तबकात मान टाकली नव्हती.

पाने यायची पापनाशमच्या कृष्णस्वामीच्या मळ्यातून. पहाटे खुडून केळीच्या सोपात, म्हणजे खोडाच्या ओल्या सालीत, बांधलेली जुडी त्याचा मुलगा सायकलीवरून थेट दारात आणी. शहाण्णव साली मुलगा तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात लागला. कालव्याकाठची निम्मी पोरे तेव्हा तिकडेच चालली होती. जुडी कंडक्टरच्या हवाली होऊन बसने येऊ लागली. किती हातांतून आली कोण जाणे, म्हणून बाई ती आधी मीठ-हळदीच्या पाण्यात तासभर बुडवत आणि शुद्ध झाली की ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत.

तेव्हापासून पाने दुपारपर्यंत मरगळू लागली. मंडपाचे व्यवस्थापक सेतुमाधव तसे सौम्य गृहस्थ. पण त्यांनी शांतपणे सांगून टाकले, की शुक्रवारच्या मुहूर्ताला पाने अशीच आली तर पुढची सगळी लग्ने कुंभकोणमच्या व्यापाऱ्याकडे जातील.

बाईंची झोप उडाली. कंडक्टर जुडी बदलत असेल का? की कृष्णस्वामीच शिळी पाने खुपसतो? सोमवारी त्या चुन्याची डबी कमरेला खोचून मळ्यात गेल्या. पानांच्या ढिगाशी बसून गप्पा मारता मारता नखाने पानांच्या पाठीवर चुन्याचा बारीक ठिपका देत राहिल्या. जुडी एका बसने गेली, त्या दुसऱ्या बसने. घरी येऊन सोडून पाहतात तो ठिपके जागच्या जागी आणि पाने ताठ. नेहमीसारखी बुडवली. दुपारी ती माना टाकून पडली.

जुडी बदलली नव्हती. म्हणजे पानच मुळात खोटे, असा बाईंनी निवाडा केला. बुधवारी मळ्याच्या फाटकाशी उभे राहून त्या म्हणाल्या, "युरिया पाजून पाने फुगवता तुम्ही. वरून देखणी, आतून पोकळ."

कृष्णस्वामीने फाटकाला आतून कडी घातली. मग म्हणाला, "उद्याची जुडी कबूल केली आहे, ती पाठवतो. त्यानंतर नको, अम्मा." आणि आत निघून गेला.

गुरुवारी जुडी आली. पाण्यात घालताना ती हाताला हलकी लागली. बाईंची नजर सुनेकडे वळली. हरिता मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवी, आणि आज सुट्टी नसताना घरी होती. बाईंनी घर धुंडाळले. दगडी रगड्याच्या मागे ताटाखाली एक पातेले सापडले. त्यात साधे पाणी आणि जुडीतली निम्मी पाने होती.

"आता घरातच चोरी?" बाईंनी विचारले.

"आत्याबाई, दुपार होऊ द्या," हरिता म्हणाली.

दुपारी तिने दोन पाने सासूच्या तळहातांवर ठेवली. मिठाच्या पाण्यातले फडक्यासारखे लोंबले. साध्या पाण्यातले नुकतेच खुडल्यासारखे ताठ होते.

"पान म्हणजे पाण्याने भरलेल्या बारीक बारीक खोल्या," ती हळू बोलत होती. "पाणी आतून भिंतींना रेटत असतं, म्हणून पान ताठ राहतं. त्या खोल्यांचा पडदा पाण्याला वाट देतो, मिठाला सहसा देत नाही. बाहेर मीठ वाढलं की आतलं पाणी तिकडे निघून जातं. रेटा गेला की पान बसलं."

बाईंनी ते लोंबते पान चिमटीत धरले. दर उन्हाळ्यात त्या कैरीच्या फोडींना मीठ चोळीत. सकाळी बरणीत पाणी सुटलेले असे आणि फोडी मऊ पडत. हे त्यांच्या हातांना चाळीस वर्षे ठाऊक होते.

"म्हणजे महिनाभर मी पानांचं लोणचं घालत होते," त्या म्हणाल्या. हरिता हसली नाही. फाटकाशी काय बोलणे झाले ते तिला ठाऊक होते.

उरलेली निम्मी पाने लग्नाला पुरणार नव्हती. बाईंनी दुपारचीच पापनाशमची बस धरली.

कृष्णस्वामी वेली बांधत होता. त्याने वर पाहिले नाही. "दोष माझ्या मिठाचा होता," बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "तुमच्या पानांचा नव्हे." तो उठला, टोपली घेऊन वाफ्यात गेला. खूप वेळाने परतला तेव्हा टोपली भरली होती. पाने सोपावर मांडून बांधण्याआधी त्याने आपली चुन्याची डबी बाईंपुढे सरकवली.

"ठिपके लावून घ्या, अम्मा. सोमवारी एकशे बारा लावले होते."

बाईंचे कान तापले. त्यांनी डबी न उघडता परत केली, जुडी पदरात घेतली आणि गाठीकडे पाहिलेसुद्धा नाही. गाठ त्यांनी तपासली ती बस वळणापलीकडे गेल्यावर. इतक्या वर्षांची बोटे एका दिवसात थोडीच ऐकतात.