महालक्ष्म्या बसलेल्या असताना

आमच्या घरात पुराचं पाणी दारातून येत नाही, आधी संडासातून येतं. बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीमागे नाला आहे. तो तुंबला की पाणी पाइपातून उलटं वर चढतं. म्हणून बाबा वाळूची पोती भरून ठेवतात, एक संडासाच्या भांड्यावर, एक मोरीच्या जाळीवर. फ्रिज विटांवर चढतो. कागदपत्रं, बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणि टॉर्च प्लास्टिकच्या पिशवीत घालून छताच्या कडीला टांगायचं काम माझं. शाळेत मी याच विषयावर इंग्रजीत भाषण केलं होतं. त्या भाषणात घर सोडा म्हटलं की लोक घर सोडत होते.

महालक्ष्म्यांतच पूर आला त्या वर्षी कडीला आधीच फुलोरा बांधलेला होता. करंज्या-पापड्यांच्या शेजारी मी पिशवी अडकवली. खाली ज्येष्ठा आणि कनिष्ठा उभ्या होत्या. पत्र्याच्या कोठ्यांत गळ्यापर्यंत गहू, वर पितळी मुखवटे, अंगावर नव्या साड्या. जेवणाचा दिवस होता. आई पहाटेपासून सोळा भाज्यांत उभी होती आणि पाऊस आदल्या दिवसापासून थांबला नव्हता.

दुपारी बाबा स्कूटर उंचावर लावून आले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"रोडवर पाणी आलं. अजून चालता येते. चला." त्यांनी मेन स्विच बंद केला.

"नैवेद्य व्हायचा हाय," आई म्हणाली. "अन् विसर्जनाआधी त्याइले हलवत नाई. तुमी दोघं जा."

"तूच सांग बेटा तुझ्या आईले."

मी आईकडे पाहिलं. आईचे पाय सुजले होते. एक पाऊल दुसऱ्यावर टेकवून ती पुरण ढवळत होती.

समोरच्या दुमजली घरातल्या काकूंनी गॅलरीतून हाक मारली. "वहिनी, काऊन थांबून राह्यल्या? बोट येईन म्हणता काय?"

"महालक्ष्म्या बसल्या हायेत."

"मंग त्याइलेही आणा. माहेरी आल्या नं त्या? माहेरवाशीण शेजारी जेवाले जात नाई काय? माझ्या घरी भाजी एकच हाय, पण वरच्या मजल्यावर हाय."

आई हसली नाही. तेवढ्यात मोरीतल्या पोत्याखाली गुडगुड झाली आणि त्याच्या कडेने काळं पाणी स्वयंपाकघरात पसरायला लागलं. आईने सवयीने पोछा उचलला, खाली वाकली, आणि वाकलेलीच राहिली. मग पोछा टाकून तिने गॅस बंद केला.

झाल्या तेवढ्या भाज्या तिने दोन पानांवर वाढल्या. भोवती पाणी फिरवलं, अक्षता टाकल्या.

"मुखवटे काढ," ती मला म्हणाली.

तोवर मी त्यांना कधी हात लावला नव्हता.

"आणि गहू?"

"राहू दे."

बाबा पुढे काठीने नालीचा काठ चाचपत चालले. मागे आम्ही दोघी, छातीशी एकेक मुखवटा धरून. पाणी गुडघ्याखाली होतं, पण ओढत होतं. काकूंनी दिवाणावर पाट मांडून ठेवला होता. ताटं वाढेपर्यंत आई दिवाणाच्या कडेला डोकं टेकवून झोपून गेली. तिला कुणी उठवलं नाही.

पाणी ओसरल्यावर घरी आलो तेव्हा कोठ्यांतले गहू फुगून आंबले होते. तो वास घालवायला फिनाईल पुरलं नाही. आई खराटा मारत राहिली, मी बादल्या ओतत राहिले.

यंदा कोठ्या भरताना आई निम्म्यावर थांबली. उरलेल्या जागेत तिने जुन्या साड्या कोंबल्या.

"उचलून पाह्य," ती म्हणाली.

मी ज्येष्ठेची कोठी उचलली, दारापर्यंत नेली, परत आणून ठेवली.

"जमते?"

"जमतं."

मग तिने ज्येष्ठेच्या साडीच्या निऱ्या घालायला घेतल्या.