दादाने दिलेला होकार

मी जामसंड्यात पंपाच्या मोटरी दुरुस्त करतो. मोटर बंद पडली की वायरिंग बघायचं, अगरबत्ती लावत बसायचं नाही — असा माझा स्वभाव. देवळात जायचो तेही आईच्या धाकाने. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी मला राग येणार नाही... मीही हसलो असतो.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, तरुणपणी टीबी झाला होता. बरा झाला, पण फुप्फुसात एक पोकळी राहिली. गेल्या वर्षी खोकल्यातून रक्त पडायला लागलं. टीबीच उलटला असं समजून आम्ही कितीतरी महिने घालवले. गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात स्कॅन झाला तेव्हा कळलं — त्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढलाय. भिजलेल्या पेंढ्यावर धरते तसली बुरशी, माणसाच्या छातीत! दादाने कूस बदलली की तो गोळाही आत सरकायचा. स्कॅनवर ते बघून मला शिसारी आली.

ऑपरेशन करून तो काढायचा, तर उरलेल्या फुप्फुसात तेवढा दम नव्हता. बुरशीवरच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी लिव्हर बिघडलं, म्हणून त्या बदलल्या. जांघेतून नळी घालून रक्त येणारी शीर बंद केली. थोडे दिवस बरे गेले... पुन्हा रक्त. शेवटी दादा तिथेच हॉस्पिटलात ऑक्सिजनवर गेला. आवाज तर पार बसलेला.

आई म्हणाली, आता देवळात गाऱ्हाणं घालूया. आमच्याकडे एकाने देवाला मागणं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. दादाचा ‘व्हय म्हाराजा’ सगळ्यांच्या वर असायचा. शेवटचा ‘जा’ तो उगाच लांबवायचा, लोक त्यावरून त्याला चिडवायचे.

त्या दुपारी आमचे चुलते बाबीकाका गाऱ्हाण्याला उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या छातयेत जा काय बसला आसा, ता भायर काढ.”

“व्हय म्हाराजा.”

“तेका बरो करून घराक घेवन ये.”

“व्हय म्हाराजा.”

काकांनी जोडलेले हात कपाळाला लावले. मग कोणी न सांगता ते बोलून गेले, “आणि ता जमणा नसात, तर हाल करू नको रे म्हाराजा. सोडव तेका.”

सवयीने तोंड उघडलेली माणसंही गप्प झाली. कोण हो म्हणणार त्याला? आणि मागून, खांबाजवळून, एकट्याचा खणखणीत आवाज आला — “व्हय म्हाराजाऽऽ.”

दादाचा. मी वळलो, तर तिथे कोणी नव्हतं. आईने माझा हात घट्ट धरला, म्हणजे तिनेही ऐकलं होतं.

बाहेर येऊन हॉस्पिटलात असलेल्या वहिनीला फोन लावला. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, “आत्ताच ह्येंनी मास्क बाजूक करून ओठ हलयल्यानी. आवाज काय येवक नाय. माका वाटला पाणी व्हया, चमच्यान दिलंय.”

त्याच आठवड्यात दादा गेला. झोपेत, एकदाही न खोकता.

भास म्हणावा, कोणाची मस्करी म्हणावी... सगळं मनात तपासून झालं. देव आहे असं मानावं, तर गाऱ्हाण्यातलं शेवटचं वाक्य त्याने ऐकलं. मग आधीची दोन का नाही ऐकली?