आगाशे सरांच्या फाईलमधला माझा नकाशा

कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्या माझ्यासारख्याला सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात जागा मिळाली, यावर ताईचा अजून विश्वास बसलेला नाही. आगाशे सरांची माझी ओळख तिच्याच टोकियोजवळच्या ग्योतोकुतल्या घरी झाली. सरांनी टोकियोत तीस वर्षं वैमानिकांना हवामान समजावून सांगितलं. तरुणपणी जर्मनीत शिकलेली ती विद्या ते आता शनिवारी घरी शिकवतात. कोंबिनीतली, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातली, पाळी संपवून मी तडक तिथे जाऊ लागलो. कारण त्यांच्याकडे शिकायला मृण्मयी जात होती.

खरं सांगायचं तर मला सरांचा हेवा वाटायचा. मी बोललो की ती मोबाईल बघायची. सर ‘काल्टफ्रोंट’, म्हणजे थंड हवेची आघाडी, सांगू लागले की तिचा चहा निवून जायचा. मीही ऐकायचो, पण धुसफुसत.

मग जर्मनीतल्या उड्डाण-नियोजनाच्या अभ्यासक्रमासाठी तिची मुलाखत ठरली. तिने दाखवायचा नकाशा स्वच्छ काढायचं काम सरांनी मला दिलं. आघाडीच्या रेषेवरचे निळे त्रिकोण हवा जिकडे सरकते तिकडे तोंड करून असतात. मी ते मुद्दाम उलटे काढले. नापास झाली तर इथेच राहील, एवढंच डोक्यात होतं.

सर सगळ्यांनाच अहो-जाहो करतात. नकाशा पाहून म्हणाले, “रोहन-सान, तुमची हवा उलटी चाललीय. दुसरा कागद घ्या.”

“सर, हा आहेच धांदरट,” मृण्मयी म्हणाली.

“घाई झाली असेल त्यांना.”

ती गेल्यावर सरांनी तो नकाशा स्वतःच्या चुकलेल्या अंदाजांच्या फाईलमध्ये लावला. “रागात काढलेला कागद वैमानिकाच्या हातात द्यायचा नसतो. एवढं शिकलात तरी पुरे.” पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

तिची निवड झाली. आता दर शनिवारी ती तिकडचं हवामान जर्मनमध्ये लिहून पाठवते, सरांना. सर ते माझ्याकडून वाचून घेतात, उच्चार सुधारतात, उत्तरही मलाच लिहायला लावतात. परवा तिने लिहिलं होतं, ‘रुक्झाइटनवेटर’: आघाडी निघून गेल्यावरची लख्ख, झोताची हवा. खाली मराठीत एकच ओळ होती, “रोहन अजून येतो का?”

“लिहा,” सर म्हणाले.

मी लिहिलं, “येतो.”

हा ग्रंथ तिच्याकडेही जाईल, म्हणून नकाशाचं इथे कबूल केलं. सरांनी ठणठणीत राहून शंभरी गाठावी, असं मनापासून वाटतं. त्यात माझा स्वार्थ आहे, आणि हेवाही अजून गेलेला नाही. तिचे निरोप त्यांच्याच फोनवर येतात.