ताडापाशी फिरवायचं, देवळापाशी वळायचं

ज्या वस्तूला आपण स्वतः पाना लावलेला नाही ती बिघडलेलीच असणार, आणि जिला लावला आहे ती बिघडणं शक्यच नाही, अशा दोन श्रद्धांवर माझ्या बायकोच्या मामांचं सगळं आयुष्य उभं होतं. देवाधर्माचं त्यांना फारसं काही नव्हतं. ती जागा पान्यानं घेतली होती. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा माझी विचारपूस करण्याआधी त्यांनी माझं मनगटी घड्याळ काढून घेतलं, कानाशी धरलं आणि "दमतंय हे" असं म्हणून उघडलं. ते घड्याळ मी अजून जपून ठेवलं आहे. ते चालत नाही. पण मामांच्या मते दोष घड्याळाचा नसून मी किल्ली मनापासून देत नाही हा होता.

मामांची वाडी पालघरच्या पश्चिमेला, खाडीच्या कडेला होती. चिकू, नारळ, थोडा भाजीपाला आणि मामींचा मोगरा, जो त्या रोज सकाळी पालघरच्या बाजारात नेऊन विकत. मी तेव्हा, म्हणजे ऐंशी सालच्या आसपास, बोईसरला एका कारखान्याच्या भांडारात कारकून होतो आणि रविवारी जेवायला हमखास वाडीवर असायचो. वाडीकडे जाणारा रस्ता बांधावरून होता, आणि मोठ्या भरतीला त्यावर गुडघाभर पाणी चढायचं. गावातले इतर लोक पाणी उतरेपर्यंत थांबत. मामांना थांबणं हा पराभव वाटे. त्यांनी कुठल्याशा लष्करी लिलावातून चारही चाकं ओढणारा एक म्हातारा ट्रक आणला आणि तो पाण्याच्या वर राहावा म्हणून आंब्याखाली स्वतःच्या हातांनी उंच केला. स्प्रिंगचे जास्तीचे पाटे घातले, पाट्यांखाली ठोकळे घातले, चाकं मोठी लावली. काम पुरं झालं तेव्हा ट्रक इतका उंच झाला होता की मामींना चढायला फणसाच्या लाकडाचा स्टूल लागे. तो स्टूल सुतळीनं दाराला बांधलेला असे आणि गाडी चालताना दारावर टक्टक् वाजत राही, जणू कोणी बाहेरून आत येऊ का विचारतंय.

या ट्रकच्या स्टेअरिंगला झोल होता. झोल म्हणजे किती, हे सांगितलं तर मी वाढवून सांगतोय असं वाटेल. देवळापाशी पालघरच्या रस्त्याला उजवीकडे वळायचं, तर मामा त्याच्या बरंच अलीकडे एक ताड होता तिथंच चाक फिरवायला घेत. मधल्या वेळात ते तंबाखूची चिमूट तोंडात टाकत, माझ्याशी दोन वाक्यं बोलत, आणि मग देऊळ आलं की ट्रक सावकाश वळे. "ही ऐकून घेते," मामा म्हणत, "मग विचार करते, मग वळते. माणसांत पण एवढी समज नाय." सरळ रस्त्यावरही त्यांचे हात सारखे डावी-उजवीकडे चालत. लांबून पाहणाऱ्याला हा माणूस दळण दळतोय असं वाटे.

हे सगळं गमतीचं होतं ते एका भरतीच्या सकाळपर्यंत. मामी मोगऱ्याची टोपली मांडीवर घेऊन शेजारी बसल्या होत्या. बांधावर पाणी होतं. मामांनी चाक फिरवलं, ट्रकनं ऐकून घेतलं आणि विचार करता करता डावं पुढचं चाक बांधावरून खाली, खाडीवर अधांतरी सोडलं. ट्रक तिरका होऊन थांबला. टोपली पाण्यात गेली आणि मोगरा भरतीबरोबर निवांत आत निघाला. मामी मामांच्या मांडीवरून पलीकडच्या दारानं उतरल्या, पाण्यात उभ्या राहून पदर पिळला आणि एवढंच म्हणाल्या, "आजपासून मी चालत जाईन. तुमी बसा हिच्याशी बोलत."

आणि त्या खरंच चालत जाऊ लागल्या. रोज सकाळी डोक्यावर टोपली घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत पाऊण तास. मामा त्यांच्या मागून पहिल्या गिअरमध्ये ट्रक घेऊन जात. पुढे मामी, मागे तो घुरघुरणारा डोंगर, शेजारची जागा रिकामी आणि दारावर स्टूलची टक्टक्. विहिरीवरच्या बायका हाक मारत, "मामी, वरात कुणाची गो?" मामी मागे न बघता म्हणत, "मी नाय ओळखत." थांब्यावर एसटी आली की मामा ट्रक फिरवत आणि घरी येत. त्या दिवसांत ते ट्रकविषयी कमी बोलू लागले, आणि मामा कमी बोलताहेत हे आमच्या नात्यात आजारपण समजलं जाई.

मग त्यांनी झोल शोधायचं मनावर घेतलं. बोईसरच्या एका गॅरेजवाल्या उस्तादानं खालून डोकावून दोन मिनिटांत निकाल दिला, "मामाजी, डब्बा खलास है," आणि स्टेअरिंगच्या डब्याचा स्क्रू पिळून दिला. त्यानं चाक इतकं घट्ट झालं की उजवीकडे वळवलं ते परत येईना. बोईसरच्या चौकात मामांनी तीन प्रदक्षिणा घातल्या. मागे पाळीची बस, तिच्या खिडक्यांतून कामगारांच्या टाळ्या. परतीच्या वाटेवर बेटेगावात पोचेपर्यंत त्यांनी तो स्क्रू स्वतः सैल केला. दुसरा निदान करणारा मीच नेला: आमच्या कारखान्याचा फोरमन. हा माणूस पाणी मागतानाही भाषण केल्यासारखा मागे. त्यानं रुमाल पसरून त्यावर गुडघा टेकला, गाडी उंच केल्यानं पुढचा आस कसा मागे कलंडला आहे यावर अर्धा तास सांगितलं, आणि पाट्याखाली पाचरी घालायला लावल्या. खोटं कशाला बोला, त्यानं गाडी सरळ रस्त्यावर भरकटायची कमी झाली. झोल मात्र होता तिथेच राहिला. मामींनी फोरमनला चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी टोपली डोक्यावर घेतली.

स्टेअरिंगचा झोल शोधायची रीत खरं तर सोपी असते. एकानं वर बसून चाक थोडं इकडे, थोडं तिकडे करायचं, आणि दुसऱ्यानं खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. जो सांधा हालचाल गिळतो तो चोर. अडचण अशी की यासाठी दोन माणसं लागतात, आणि मामा आपल्या चाकाला कुणाला हात लावू देत नसत. "चाकाला हाताची सवय असते, जावईबुवा. दुसऱ्याचा हात लागला की बिथरतं." मी बसतो म्हटलं तर माझ्या हातांकडे त्यांनी अशा दयेनं पाहिलं की मी ते खिशात घातले. म्हणून ते चाक हलवत, त्या उंचीवरून उडी मारत, सरपटत खाली जात. तोवर अर्थातच काहीही हलत नसे. मग त्यांनी चाकाला काथ्याची दोरी बांधून टोक खाली घेतलं. ओढलं की चाक एकीकडे फिरे, पण सोडलं की परत येत नसे. दुसऱ्या बाजूला दुसरी दोरी आली. ओट्यावरून भाजी निवडत मामी तीन रविवार हे पाहत होत्या.

तिसऱ्या रविवारी त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला, स्टूलची सुतळी सोडली आणि तो मामांच्या बाजूच्या दाराशी लावला. मामा खाली होते. त्यांना फक्त मामींची पावलं दिसत होती. ती स्टूलवर चढली आणि दिसेनाशी झाली. ट्रक किंचित हलला.

"बोला," वरून आवाज आला. "काय करू?"

मला वाटलं आता चाकाच्या बिथरण्यावर प्रवचन होणार.

"डावीकडं," मामा म्हणाले. "थोडंच हां."

"हे?"

"हां. आता उजवीकडं. परत. परत." एकेका सांध्यावर त्यांचा हात फिरत होता. "हा बरा हाय. हा पण बरा हाय."

"मी काय म्हणते," मामी म्हणाल्या, "हा डबाच चाकाबरोबर नाचतो, तो नाचायचाच असतो का?"

"कुठला डबा?"

"पायाकडं फळीला भोक पडलंय ना, त्यातून दिसतो तो."

"तो नाय हलायचा. तो मी स्वतः बसवलाय."

"मग तुमीच बघा, तुमीच बसवलाय तर."

मामांनी डब्यावर हात ठेवला. मामींनी चाक हलवलं. चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, ज्यानं दगडासारखं बसायचं तो अख्खा डबा मामांच्या तळव्याखाली डावी-उजवीकडे झुलत होता. ट्रक उंच करताना त्यांनी तो काढला होता आणि परत बसवताना पाण्याच्या पंपाचे बोल्ट वापरले होते. चारांतला एक गळून गेला होता, उरलेले त्यांच्या भोकांत ऐसपैस राहत होते. इतक्या महिन्यांत त्यांनी सगळं तपासलं होतं. आपण केलेलं तेवढं सोडून. ते बाहेर आले, ग्रीसनं भरलेला चेहरा पुसला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "बोल्ट चांगले होते, जावईबुवा. भोकं मोठी होती." मी मान डोलावली. वरून चाकामागून हसण्याचा आवाज आला.

नवे बोल्ट बसले. पहिल्याच फेरीत मामांनी सवयीनं ताडापाशी चाक फिरवलं. ट्रक या वेळी विचार न करता, तिथल्या तिथे वळला आणि शाळामास्तरांच्या कुंपणातून त्यांच्या दोडक्याच्या मांडवात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामींनी टोपली घेतली. मामा निमूटपणे ट्रक सुरू करून मागे जायच्या तयारीत बसले. मामींनी स्टूल डाव्या दाराशी लावला, चढल्या आणि टोपली मांडीवर घेतली. ताड आला तशी मामांची बोटं चाकावर वळवळली.

"अजून नाय," मामी म्हणाल्या. "अजून नाय." देऊळ आलं. "आता."

त्यानंतर पुष्कळ वर्षं त्या जोडीचा ट्रक त्या एका शब्दावर वळला. मामांचे हात केव्हाच नीट झालेल्या चाकाला सरावले असणार. पण मामींनी सांगायचं सोडलं नाही आणि मामांनी थांबायचं.

मामी गेल्या. ट्रक आता वाडीत विटांवर उभा आहे, चाकांच्या जागी गवत आहे आणि टपावर भोपळ्याचा वेल. परवा मामांना डोळे दाखवायला पालघरला न्यायचं होतं. मी माझी जुनी मोटार नेली. तिच्या आवाजाबद्दल ते काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली; ते बोलले नाहीत. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ते डाव्या बाजूला बसले होते, हात गुडघ्यांवर ठेवून. रस्ता रुंद करताना ताड तोडला गेला आहे, तरी त्याच्या जागेपाशी त्यांनी बाहेर पाहिलं. देऊळ जवळ आलं. हा रस्ता मला डोळे मिटून येतो. पण मी गाडी हळू केली, आणि थांबलो.

"आता," मामा म्हणाले.

मग मी वळलो.